हंगामापूर्वीचा अंदाज आणि मैदानावरचा निकाल : प्रो कबड्डी लीगच्या बारा हंगामांच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात कबड्डीचा अंदाज वर्तविणे ही काही नवी गोष्ट नव्हे. भातकापणीनंतर शेतात मैदान आखले जाते, दिव्यांच्या प्रकाशात रात्री उशिरापर्यंत सामने चालतात आणि पहिली चढाई होण्याआधीच कडेला बसलेली जुनी मंडळी कोणता संघ उपान्त्य फेरी गाठील हे सांगून मोकळी होतात. त्यांचे भाकीत पुष्कळदा खरे ठरते, हा अनुभव या भागातील बहुतेक प्राध्यापकांनी आपल्या गावी घेतलेला असेल. हीच मंडळी दूरचित्रवाणीवर प्रो कबड्डी लीग पाहू लागली, की मात्र त्यांचे अंदाज साफ कोसळतात. प्रस्तुत लेखकाचेही तसेच झाले. २०२४ मध्ये अकराव्या हंगामापूर्वी पुणेरी पलटण आपले विजेतेपद राखणार, असे त्याने शिक्षक-कक्षात निःशंकपणे सांगितले होते. पलटण आठव्या स्थानावर राहिली. पहिल्या सहा संघांनाच बाद फेरीत प्रवेश असल्याने तिला तेथपर्यंतही पोहोचता आले नाही.

एकाच खेळाविषयीचा अंदाज गावच्या मैदानावर टिकतो आणि व्यावसायिक लीगमध्ये का टिकत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ करमणुकीचा नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी भ्रमणध्वनीवरील खेळांत अशाच अंदाजांवर पैसे लावले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि त्यानंतर आठवडाभरातच लीगचा बारावा हंगाम सुरू झाला. कायद्याने व्यवहार बंद होतो. पण 'मला खेळ कळतो, म्हणून निकालही कळतो' ही समजूत त्याने जात नाही. ती तपासण्याचे काम वर्गातच व्हावे लागेल.

बारा हंगामांचा ताळेबंद

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत या लीगचा प्रारंभ झाला. पहिल्या चार हंगामांत आठ संघ होते. २०१७ मधील पाचव्या हंगामापासून ते बारा झाले. पहिले विजेतेपद जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाला ३५-२४ असे नमवून मिळविले. दुसरे यू मुंबाकडे गेले. तिसरे, चौथे आणि पाचवे अशी सलग तीन विजेतेपदे पाटणा पायरेट्सने पटकावली. त्यानंतर अनुक्रमे बंगळुरू बुल्स, बंगाल वॉरियर्स, दबंग दिल्ली, पुन्हा जयपूर, पुणेरी पलटण, हरियाणा स्टीलर्स आणि २०२५ मध्ये पुन्हा दबंग दिल्ली असा क्रम लागतो. बारा हंगामांत आठ वेगवेगळे विजेते झाले आणि पाटण्याचा अपवाद वगळता एकाही संघाला लागोपाठ दोनदा चषक उचलता आलेला नाही.

विजेत्याचे पुढील वर्षी काय होते, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. जयपूरचा संघ पहिल्या हंगामात विजेता ठरला आणि दुसऱ्यात उपान्त्य फेरीलाही मुकला. बारा संघांच्या काळातील पहिले सहा विजेते घेऊ. पाटणा सहाव्या हंगामात बाद फेरीबाहेर राहिला. बंगळुरू सातव्या हंगामात उपान्त्य फेरीत पोहोचला. बंगाल आठव्यात बाहेर पडला. दिल्ली नवव्यात बाद फेरीत आली, पण पहिल्याच सामन्यात हरली. जयपूर दहाव्यात उपान्त्य फेरीत हरियाणाकडून पराभूत झाला. पुणेरी पलटणीचे वर सांगितलेच आहे. सहांपैकी तीन आत आणि तीन बाहेर! बारांतून सहा संघ निवडताना नाणे उडविले असते, तरी सरासरीने हेच प्रमाण आले असते. गतविजेता हा अंदाजकर्त्याचा पहिला आणि सर्वांत आवडता आधार असतो. आकडे पाहता त्या आधाराला फारसा अर्थ उरत नाही.

याच आकड्यांत एक वेगळी गोष्ट मात्र नजरेत भरते. विजेत्यापेक्षा उपविजेता पुढील वर्षी अधिक यशस्वी ठरलेला दिसतो. पहिल्या हंगामातील उपविजेता यू मुंबा दुसऱ्यात जिंकला. सातव्यातील उपविजेती दिल्ली आठव्यात, नवव्यातील पुणेरी पलटण दहाव्यात आणि दहाव्यातील हरियाणा अकराव्यात विजेता ठरला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. गुजरात फॉर्च्यून जायंट्स पाचव्या व सहाव्या अशा दोन्ही हंगामांत अंतिम सामना हरला आणि सातव्यात बाद फेरीबाहेर गेला. आठव्या हंगामात अंतिम सामना अवघ्या एका गुणाने, ३६-३७ असा गमावणारा पाटणा नवव्यात बाहेरच राहिला.

सहाव्यापासून बाराव्यापर्यंतच्या सात हंगामांत आधीच्या वर्षीचा उपविजेता तीनदा विजेता झाला, तर आधीचा विजेता एकदाही नाही. बाराही संघ समान ताकदीचे मानले, तर सात प्रयत्नांत एकाही विजेत्याने चषक न राखण्याची संभाव्यता सुमारे ५४ टक्के येते. म्हणजे त्यात नवल काहीच नाही. उपविजेत्याने तीन वा अधिक वेळा जिंकण्याची संभाव्यता मात्र जेमतेम दीड टक्का आहे. अर्थात आकडे आधी पाहून मग त्यांत रचना शोधली, तर अशी एखादी रचना सापडतेच, हे संख्याशास्त्राच्या अध्यापकांस सांगावयास नको. तरीही या तीन उदाहरणांपैकी शेवटच्या दोहोंच्या अंतरंगात डोकावले असता निव्वळ योगायोगापलीकडचे काही हाती लागते. त्याकडे वळण्यापूर्वी बोलीचा विचार करणे आवश्यक आहे.

बोली आणि बळ

प्रत्येक संघाला काही खेळाडू आपल्याकडे राखता येतात; उरलेले बोलीतून घ्यावे लागतात आणि एकूण खर्चाला मर्यादा असते. दहाव्या हंगामापासून ही मर्यादा ५ कोटी रुपये झाली. त्यापूर्वी ती ४ कोटी ४० लाख होती. वृत्तपत्रांचे मथळे सर्वाधिक बोलीवर रंगतात आणि सामान्य रसिकाचा अंदाज त्या मथळ्यावर. प्रत्यक्षात मोठी बोली म्हणजे बळाची भर नसून बळाचे एका जागी केलेले केंद्रीकरण होय. एका खेळाडूवर अर्धा निधी खर्च झाला, की उरलेला संघ उरलेल्या अर्ध्यात उभा करावा लागतो.

पवन सहरावतचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात त्याने चढायांत २२ गुण मिळवून बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले होते. त्याच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना, म्हणजे त्या वेळच्या निधीचा निम्म्याहून अधिक भाग देऊन घेतले. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. अंदाजकर्त्यांनी थलैवाजचे नाव खोडले. तो संघ मात्र आपल्या इतिहासात प्रथमच बाद फेरीत गेला आणि उपान्त्य सामन्यात पुणेरी पलटणीकडून केवळ दोन गुणांनी हरला. पुढील वर्षी तेलुगू टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. तो हंगामभर खेळला, चढायांत दोनशेहून अधिक गुणही त्याने मिळविले. टायटन्सने २२ पैकी फक्त दोन सामने जिंकले आणि ते शेवटच्या स्थानावर राहिले. ज्या वर्षी तो नव्हता त्या वर्षी संघ उपान्त्य फेरीत, आणि ज्या वर्षी तो होता त्या वर्षी संघ तळाला. बोलीवरून अंदाज बांधणाऱ्यास याहून कठोर उत्तर कोणते मिळणार?

आपल्याकडचा सिद्धार्थ देसाईही याच वाटेने गेला. कोल्हापूर जिल्ह्यातील हा चढाईपटू सहाव्या हंगामात यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांत आला आणि त्याने चढायांत २१८ गुण कमावले. सातव्यासाठी टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख दिले. संघ बाद फेरीच्या जवळपासही गेला नाही. प्रदीप नरवालचे तर उलट्या अंगाने पाहता येते. पाटण्याच्या तीन विजेतेपदांचा तो कणा होता. पाचव्या हंगामात त्याने चढायांत ३६९ गुण मिळविले. २०२१ मध्ये तो १ कोटी ६५ लाखांना यूपी योद्धाकडे गेला, तेव्हा पाटण्याचे काही खरे नाही असेच सर्वांना वाटले. पाटणा त्या हंगामात साखळी फेरीत अव्वल आला आणि उपान्त्य सामन्यात त्याने योद्धालाच हरविले.

साखळीचे वय

असे का घडते, याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. चढाई एकट्याने करावयाची असते. पकड एकट्याने क्वचितच होते. ३० सेकंदांच्या चढाईत कोपरारक्षकाने पाय धरला, तरी मध्यरक्षक त्याच क्षणी अंगावर न आला तर चढाईपटू मध्यरेषेला हात लावून निघून जातो. हा क्षण शिकविता येत नाही. तो दोघांनी एकत्र खेळून अंगवळणी पडतो. चढाईपटू नव्या संघात गेला तरी आपले कौशल्य सोबत नेतो. बचावपटू मात्र आपले अर्धे कौशल्य जुन्या जोडीदारापाशी ठेवून येतो. त्यातच, मैदानात तीन किंवा कमी बचावपटू उरले असता केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, तर संपूर्ण संघ बाद होऊन लोण चढला की प्रतिपक्षाला दोन गुण अधिकचे जातात. सामना जेथे फिरतो त्या जागी चढाईपटूच्या किमतीपेक्षा साखळीची जुळणी अधिक मोलाची ठरते.

आता उपविजेत्यांच्या त्या दोन उदाहरणांकडे पाहू. नवव्या हंगामात हरलेल्या पुणेरी पलटणीने अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशा तरुणांचा गाभा आणि प्रशिक्षक बी. सी. रमेश यांना कायम ठेवले. रमेश यांनी बंगाल वॉरियर्सलाही विजेतेपद मिळवून दिले होते. या तयार घडीत इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा डावा कोपरारक्षक २ कोटी ३५ लाखांना आणून बसविण्यात आला. पलटण विजेती ठरली. २२ साखळी सामन्यांत तिने केवळ दोन गमावले. त्या हंगामातील उपविजेत्या हरियाणानेही पुढे हेच केले. जयदीप दहिया, राहुल सेतपाल आणि मोहित नंदल यांची बचावफळी व प्रशिक्षक मनप्रीतसिंग तेच राहिले आणि शादलुई त्यांच्यात येऊन मिळाला. हरियाणा जिंकला.

लागोपाठ दोन वर्षे शादलुई जेथे गेला तेथे चषक गेला. साहजिकच २०२५ च्या बोलीत गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले आणि पुष्कळांनी गुजरातचे नाव पहिल्या रांगेत घातले. गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. खेळाडू तोच होता. पुण्यात आणि हरियाणात तो घडलेल्या साखळीची शेवटची कडी होता. गुजरातेत साखळीच नव्याने ओवायची होती. प्रस्तुत लेखकाच्या मते या लीगविषयीचे अर्धेअधिक शहाणपण या एका तुलनेत सामावलेले आहे.

गावच्या मैदानावरील अंदाज का टिकतो, याचेही उत्तर येथेच मिळते. तेथे बोली नसते. कोपऱ्यात उभे असलेले दोघे शाळेपासून एकत्र खेळलेले असतात. कधी ते चुलतभाऊही असतात. जाणकार प्रेक्षक संघाचे नाव विचारीत नाही, 'कोपऱ्यात कोण?' असे विचारतो. लीगचे सामने पाहताना मात्र तोच माणूस जाहिरातींच्या प्रभावाखाली 'चढाईला कोण?' असे विचारू लागतो, ही गमतीची बाब आहे.

दूरचा एक दाखला

सांघिक पकडीवर उभा असलेला दुसरा खेळ म्हणजे रग्बी लीग. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडात हडर्सफील्ड येथे क्लब फुटून निघाले आणि त्यांतून हा तेरा जणांचा खेळ पुढे आकारास आला. तेथेही खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे, परंतु खेळाडूंचा लिलाव होत नाही. परिणाम पाहा. ऑस्ट्रेलियात पेनरिथ पँथर्सने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळविली आणि त्या संघाचा मोठा भाग पश्चिम सिडनीच्या परिसरातच घडलेला होता. इंग्लंडात सेंट हेलेन्सने २०१९ ते २०२२ अशी चार वर्षे आपली सत्ता राखली. आपल्या लीगमध्ये पाटण्यानंतर हे कोणालाच साधलेले नाही. माणसे एकत्र राहू शकली, तर अंदाजालाही पाय फुटतात.

पण तेथेही सर्व काही आलबेल नाही. लीड्स ऱ्हायनोज या क्लबने २०१५ मध्ये इंग्लंडातील तिन्ही मानाचे चषक जिंकले. त्यानंतर केविन सिनफील्ड व जेमी पीकॉक हे आधारस्तंभ क्लब सोडून गेले आणि वर्षअखेरीच्या पुरात सरावाचे मैदान पाण्याखाली गेले. २०१६ मध्ये तो क्लब नवव्या स्थानावर घसरला. २०१७ मध्ये तोच पुन्हा विजेता झाला! कोणत्या तज्ज्ञाने पुराचा अंदाज वर्तविला असता?

योगायोगाचा वाटा

गणिताच्या अंगाने योगायोगाचा वाटा किती, हे मोजता येते. बाराही संघ अगदी समान ताकदीचे आहेत, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक आहे आणि बरोबरी होत नाही असे धरू. २२ सामन्यांत सरासरी ११ विजय मिळतील, परंतु प्रमाण विचलन सुमारे २.३ येईल. याचा अर्थ, एखाद्या संघाचे विजय ९ ते १३ या दरम्यान असण्याची संभाव्यता सुमारे ७१ टक्के आहे. म्हणजे बारांपैकी तीन-चार संघ काहीही चांगले वा वाईट न करता ८ किंवा त्याहून कमी, अथवा १४ किंवा त्याहून अधिक विजयांवर जाऊन बसतील. आणि आपण त्यांच्यावर स्तुतीचे अथवा निंदेचे लेख लिहू. बाराव्या हंगामात साखळी सामने १८ झाले. सामने कमी झाले, की योगायोगाचा वाटा वाढतो.

फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना जे दाखविले, त्यास आपण सरासरीकडे परतणे म्हणतो. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सहसा तितकी नाही. कबड्डीच्या कोष्टकातही हेच दिसते. दहाव्या हंगामात तळाला असलेले टायटन्स अकराव्यात सातवे आले आणि बाराव्यात पहिल्या चारांत. अकराव्यात तळाला असलेले बंगळुरू बुल्स बाराव्यात पहिल्या चारांत पोहोचले. बुल्सने प्रशिक्षक बदलला होता. नवे प्रशिक्षक तेच बी. सी. रमेश. श्रेय त्यांना किती आणि गॉल्टनच्या नियमाला किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. रमेश पुण्यात असताना अकराव्या हंगामात पलटण घसरली होती, एवढे स्मरणात ठेवले म्हणजे झाले.

त्या घसरणीचा हिशेबही येथे देणे प्रामाणिकपणाचे होईल. पलटणीने मुख्य गाभा राखला होता, सबब प्रस्तुत लेखकाचा निकष पुरा होत होता. शादलुई गेला होता, ती उणीव त्याने गौण मानली. हंगामाच्या मध्यात कर्णधार अस्लम इनामदार जायबंदी होऊन बाहेर पडला. २२ पैकी १७ सामने जिंकलेला संघ पुढील वर्षी सरासरीच्या दिशेने अर्धे अंतर खाली येईल, असे धरले तरी १४ विजयांची अपेक्षा राहते. त्यातून एक कोपरा आणि कर्णधार वजा केले व योगायोगाचे दोन-तीन सामने विरुद्ध बाजूला टाकले, की बाद फेरीबाहेरची जागा अशक्य वाटत नाही. हे सर्व आकडे हंगामापूर्वीही हाताशी होते. नव्हता तो फक्त दुखापतीचा. 'पलटण पहिल्या सहांत येण्याची शक्यता दहांत सहा किंवा सात' एवढेच म्हणण्याचा अधिकार असताना 'जिंकणारच' असे म्हणणे, ही खरी चूक होती.

अंदाज कसा मांडावा

यास्तव नव्या हंगामाचा अंदाज एका नावाने न मांडता शक्यतेने मांडावा, असे सुचवावेसे वाटते. गतवर्षीचे विजय घेऊन ते सरासरीकडे अर्ध्या अंतराने आणावेत. नंतर दोन्ही कोपरे आणि दोन्ही मध्यरक्षक यांपैकी किती जण गतवर्षी याच संघात एकत्र होते, हे पाहून एखाद-दुसऱ्या विजयाची भर वा घट करावी. चढाईचे गुण एकाच खेळाडूवर अवलंबून असतील, तर दुखापतीच्या धोक्यापोटी थोडे कमी करावे. बोलीचा आकडा विचारात घेऊ नये. यजमानपणाचाही नको, अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा व पुणे अशा तीनच ठिकाणी झाला आणि आठवा संपूर्णपणे बंगळुरूत, प्रेक्षकांविना, त्यामुळे घरचे मैदान ही कल्पना या लीगमध्ये पातळ झालेली आहे.

या पद्धतीने बाराव्या हंगामाकडे पाहिले असता गुजरातविषयीचा भ्रम टळला असता. दिल्ली आणि पुणे हे दोनच संघ साखळीत पहिली दोन स्थाने घेऊन अंतिम सामन्यात भेटतील आणि दिल्ली ३१-२८ अशी जिंकेल, हे मात्र कळले नसते. तीन गुणांचा फरक म्हणजे एखाद-दुसरी पकड.

एक अडचण उरते. कोणत्या खेळाडूने किती पकडी केल्या याची नोंद लीग ठेवते, परंतु कोणती जोडी किती सामने एकत्र उभी राहिली आणि त्या जोडीने किती चढाया अडविल्या, हे तयार कोष्टकात मिळत नाही. ते सामन्यांच्या चित्रफिती पाहून हाताने लिहून काढावे लागते. संख्याशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या दोन विभागांनी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांकडून एका हंगामाचे हे काम करून घेतले, तर या लेखातील साखळीविषयीचे म्हणणे तपासता येईल. कदाचित ते खोटेही ठरेल. कोपरारक्षकाचा हात मध्यरक्षकाच्या हातात आहे की नाही, हे चित्रफितीत ओळखण्यासाठी रायगडच्या मुलांना प्रशिक्षण द्यावे लागणार नाही.